सात नंबरचा हातोडा

१

शुक्रवारी दुपारी चार वाजता दप्तरखोलीचं कुलूप काढलं तेव्हा आम्ही सगळे आधी भिंतींकडे बघून हसलो. तीस वर्षं कंदिलाचा धूर खाल्लेली ती खोली सादिक रंगाऱ्यानं तीन दिवसांत अशी उजळली होती, की आत जाताना चपला काढाव्याशा वाटल्या. मग मी खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पेटीवरची ताडपत्री उचलली, पेटीची सुतळी सोडली आणि आतले हातोडे एकेक करून पुन्हा खुंट्यांना अडकवायला लागलो. तीन अडकवले. चौथी खुंटी रिकामीच राहिली.

हातोडा गेला तर एवढं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण जंगलखात्याचा हातोडा खिळे ठोकायचा नसतो. त्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली असतात. गार्डानं झाडावर किंवा लाकडावर घाव घातला की सरकारचा ठसा उठतो, आणि तो ठसा असलेलं लाकूड कुठल्याही नाक्यावरून बिनबोभाट पार होतं. असा हातोडा चोराच्या हाती लागणं म्हणजे अख्खं जंगल त्याच्या हाती लागण्यासारखं आहे. एक हातोडा हरवला म्हणून अख्खी कचेरी घरी बसवल्याच्या गोष्टी आम्ही ऐकून होतो.

साल सत्तावन्न. जुनं राज्य मोडून आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो, त्यामुळे जुन्या अक्षरांचे हातोडे बाद झाले होते. सोमवारी चांद्याहून मोठे साहेब तपासणीला येणार, जुने हातोडे मोजून घेणार आणि नवे देणार, असं ठरलं होतं. कचेरी रंगवायचा घाटही त्यांच्यासाठीच घातला होता. आणि गेला तो नेमका सात नंबरचा.

आमचे रेंजर बुटले साहेब तरुण होते, सावरटोल्याला येऊन त्यांना चारच महिने झाले होते, आणि पान हललं तरी आपल्यावर ठपका येईल अशी त्यांना धास्ती असायची. त्यांनी हिशेब चटकन मांडला. सकाळी दहापासून साडेबारापर्यंत खोलीत एकटा कोण होता? सादिक. नंतर त्यानं कुलूप लावून किल्ली कोणाला दिली? मला. मी, कचेरीचा कारकून, दुपारभर कुठे होतो? इथेच खुर्चीवर, असं मी सांगितलं. म्हणजे सादिकच.

सादिक दारात उभा होता. हाताला कोपरापर्यंत चुना, पापण्यांवर चुन्याचे थेंब. हे त्याचं पहिलंच सरकारी काम. हे नीट पार पडलं तर तहसील कचेरीचं काम त्याला मिळणार होतं, आणि चोर म्हणून नाव झालं तर या दोन जिल्ह्यांत कोणी त्याला आपल्या गोठ्याची भिंतसुद्धा रंगवू देणार नव्हतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, मी पेटीले हात नाई लावला. घरी बायकोले, आबिदाले, काय तोंड दाखवू?"

साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत हातोडा मिळाला नाही तर मोठ्या साहेबांच्या गाडीतूनच तुझी चांद्याच्या पोलिसांकडे रवानगी. तोवर कचेरीचं आवार सोडायचं नाही.

तेव्हा माठापाशी उभ्या असलेल्या रुखमाबाई बोलल्या. "साहेब, सोमवारले दोन दिवस हायेत. मले इचारू द्या सगळ्याईले."

२

रुखमाबाई म्हणजे आमच्या कचेरीत पाणी भरणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या बाई. वय साठीच्या आसपास, अंग काटक, आवाज हळू. त्यांचा नवरा रामाजी याच कचेरीत गार्ड होता. सात नंबरचा हातोडा त्याचाच. अकरा वर्षांपूर्वी तो हिवतापानं गेला, हातोडा त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुखरूकडे आला, आणि बाईंना पाणी भरायची नोकरी मिळाली. रामाजीच्या हातोड्याचा ठसा सरळ उठायचा आणि मुखरूचा कायम तिरपा. त्यावरून आम्ही मुखरूची भरपूर टिंगल करायचो. मुखरू हसायचा आणि पुन्हा तिरपाच घाव घालायचा.

बाईंची विचारायची एक रीत होती. आधी पेलाभर पाणी द्यायचं, माणूस पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत गप्प राहायचं, आणि मग विचारायचं. पाण्यानं घसा ओला झाला की माणसाला खोटं बोलायला जड जातं, असं त्या म्हणायच्या. साहेब त्यांच्या मागणीवर हसले खरे, पण वरती कळवलं की पहिला ठपका आपल्यावरच येणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून हो म्हणाले, आणि मला जबान्या लिहून घ्यायला बसवलं.

पहिला पेला त्यांनी माझ्याच पुढे केला. मी प्यालो.

"बाबू, तुमच्या पिशवीत वांगी हायेत," त्या म्हणाल्या. "आज शुक्रवार. बाजार दुपारी भरते."

मी कबूल केलं. किल्ली खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवून मी दीड वाजता बाजारात गेलो होतो आणि पावणेचारला परत आलो होतो. पेटीला कुलूपही नव्हतं, कारण कुलपाची किल्ली साहेबांच्या जुडग्यात आणि साहेब बुधवारी दौऱ्यावर, म्हणून मी हातोडे पेटीत ठेवून वरून सुतळी बांधली होती. हे साहेबांपुढे सांगायची छाती झाली नाही. त्यामुळे सादिकच्या गळ्यातला फास आवळला, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि मला स्वतःची लाज वाटली. बाई रागावल्या नाहीत. लिहा म्हणाल्या. स्वतःची जबानी स्वतः लिहून घेणारा मी या जिल्ह्यातला पहिलाच कारकून असेन.

दुसरा पेला चौकीदार वारलूला. तो म्हणाला, दुपारभर ओसरीवरून उठलो नाही आणि चिटपाखरूही आत गेलं नाही. बाईंनी मान हलवली आणि सहज विचारलं की आज कोंबडबाजारात कोणाचा कोंबडा जिंकला. वारलूचे डोळे चमकले. तो म्हणाला, लाल कोंबडा, दोन झुंजी लागोपाठ, काळ्याला तर त्यानं उभाच राहू दिला नाही. एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

म्हणजे दीड ते पावणेचार कचेरी सताड उघडी होती. साहेब घरी वामकुक्षीत, बाई विहिरीवर, किल्ली खिळ्यावर, चौकीदार कोंबड्यांत, आणि मी वांग्यांत. सादिक एकटाच नव्हे, सगळा सावरटोला आत येऊन गेला असता.

३

शनिवारी सकाळी भैयाजी ठेकेदार आले. लाकडाचे ठेकेदार, बोटांत अंगठ्या, आणि त्यांच्या दोन गाड्या आठवड्यापासून नाक्यावर अडकलेल्या. सात नंबरचा हातोडा कोणाच्या कामाचा असेल तर पहिला यांच्याच. मी मनातल्या मनात त्यांना बेड्या घालूनही मोकळा झालो होतो.

बाईंनी त्यांनाही पाणी दिलं. भैयाजींनी सरळ सांगितलं, की शुक्रवारी सकाळी साडेदहाला ते साहेबांना भेटायला आले होते, साहेब कामात होते, म्हणून दप्तरखोलीच्या दारातून आत डोकावले. आत रंगारी काम करत होता. मग ते घरी गेले, आणि दुपारी त्यांच्याकडे दहा-बारा माणसं जेवायला होती, हवं तर विचारा. जाता जाता नाक मुरडून म्हणाले, "त्या पोरानं तुमाले फसवलं, बाबू. चुन्यात निस्तं पानी. तिसरा हात मारून राह्यला होता आन भित मळकट. खालचा धूर दिसून राह्यला होता."

मी ते हसत हसत लिहिलं. भिंत तर आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, लख्ख पांढरी. इतकं धडधडीत खोटं बोलणारा माणूस हातोड्याबद्दल खरं बोलेल कशावरून? मी बाईंकडे बघितलं. त्या मात्र माठातलं पाणी ढवळल्यासारखं करत कुठेतरी हरवल्या होत्या.

मग सादिक. तो मागच्या छपरीत चुन्याच्या पिंपाजवळ बसला होता, कुंचा धुऊन उन्हात टाकलेला. रात्रीपासून जेवला नव्हता. बाईंनी त्याला आधी भाकर खायला लावली, पाणी नंतर. त्यानं सांगितलं ते असं. सकाळी दहाला तिसरा आणि शेवटचा हात सुरू केला, त्यात नीळ घातली. साडेबाराला संपवला, ओल्या भिंतीला धूळ लागू नये म्हणून खोलीला कुलूप लावलं, किल्ली बाबूंना दिली. अंघोळ करून बाजाराच्या टोकाच्या मशिदीत जुम्म्याची नमाज पढली, मग ओसरीच्या कामाला डिंक लागत होता तो शोधत बाजारभर फिरला, आणि साडेतीनला परतला. दप्तरखोलीत पुन्हा गेला तो आमच्याबरोबर चार वाजता.

"सकाळी कोन कोन आलं दारात?" बाईंनी विचारलं.

त्याला आठवत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून उभा असल्यावर मागे कोण येतं-जातं ते कळत नाही, तो म्हणाला. एक ठेकेदार खोकला होता तेवढं ध्यानात होतं.

आम्ही उठलो. बाई खोलीकडे वळल्या, आणि दारातून आतल्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिल्या. शुक्रवारी चारच्या आधी, सादिक परतल्यावर, खोलीच्या दाराशी सांडलेला चुना त्यांनीच झाडला होता. त्या केरात त्यांना बोटाएवढी एक लाकडाची ढलपी सापडली होती, काळी, तेलकट. खुर्चीचा तुकडा असेल म्हणून त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. ती गाठ आता त्यांनी चाचपली, पण सोडली नाही.

तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. मुखरू नाक्यावरून परत आला होता, सायकलीला थैली लटकवलेली.

४

मुखरूला साहेबांनी शुक्रवारी सकाळी एटापल्लीच्या वाटेवरच्या नाक्यावर चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. आठ मैल जायचं, मुक्काम करायचा आणि शनिवारी परत. सात नंबर हरवल्याचं त्याला वाटेत कोणीतरी सांगितलं असावं, कारण तो आला तोच उतरल्या चेहऱ्यानं. बावीस वर्षांची नोकरी, स्वभावानं गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यावर संशय घेण्याचं मला काही कारणच दिसत नव्हतं, म्हणून मी टाक बाजूला ठेवला आणि सुपारी कातरत बसलो.

बाईंनी पाणी दिलं. त्यानं एका दमात पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला.

"तू किती वाजता निघाला, मुखरू?"

"साडेदहाले, वहिनी. सायकलीत हवा भरली आन निघालो."

"जाताना खोलीत डोकावला काय?"

"डोकावलो नं. सादिक रंग मारून राह्यला होता. काय सुंदर काम केलं पोरानं. भित कशी दुधावानी पांढरी, आन वरून निळीची झाक. पाहतच राहावं वाटे."

बाईंनी त्याच्या हातातला पेला घेतला, उपडा ठेवायचा तो सरळ ठेवला, आणि माठावरचं झाकण उघडंच टाकलं. अकरा वर्षांत मी माठ उघडा राहिलेला पाहिला नव्हता.

मुखरू गेल्यावर मी म्हणालो, "बघा, भैयाजी खोटं बोलले. साडेदहाला भिंत मळकट होती म्हणे. मुखरूनं त्याच वेळी दुधासारखी पाहिली."

बाई हळूच म्हणाल्या, "बाबू, तुमी घरी कधी भित सारवली नाई, नं चुना लावला नाई."

ते खरं होतं. आमच्या घरी ही कामं बायका करायच्या, आणि मी दिवाळीला नुसता चिवडा खात बसायचो.

मग त्यांनी पदराची गाठ सोडली आणि ती काळी ढलपी माझ्या हातावर ठेवली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. नाकाशी नेली तर मोहाच्या तेलाचा वास. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, उद्या सकाळी साहेबांना आठ वाजता बोलवा, सादिकला चुना कालवायला सांगा, आणि मुखरूला निरोप द्या की येताना थैली घेऊन ये. कसली थैली, हे त्याला सांगायची गरज पडणार नाही.

५

रविवारी सकाळी कचेरीच्या ओसरीवर साहेबांना खुर्ची मांडली. समोर ओसरीची जुनी, मुळात पिवळी पडलेली भिंत. तिला सादिकनं आठवडाभरात दोन हात दिले होते, तिसरा राहिला होता. बाईंच्या सांगण्यावरून त्यानं नीळ घातलेला चुना घेतला आणि हातभर भिंतीवर कुंचा फिरवला.

साहेब पुढे वाकले. पांढरी दिसणारी भिंत ओली होताच राखेसारखी झाली, आणि तिच्यातून खालचा पिवळा डाग वर आला. साहेब सादिकला म्हणाले, हे काय, तू तर होतं तेही बिघडवलंस.

"चहा घ्या, साहेब," बाई म्हणाल्या. "घाई नोका करू."

साहेबांनी चहा घेतला. मग वर्तमानपत्र वाचलं. मग दुसरा चहा घेतला. पौषातलं ऊन ओसरीवर चढत गेलं, आणि भिंतीच्या कडेपासून पांढरा रंग हळूहळू आत सरकायला लागला. दहा वाजता ती हातभर जागा दुधासारखी झाली आणि तिच्यावर निळीची झाक दिसू लागली. खालचा डाग पुसल्यासारखा गेला. सादिकला यात नवल नव्हतं, तो साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून पहिल्यांदाच थोडा हसला.

मग बाईंनी उलगडून सांगितलं. चुना ओला असला की मळका दिसतो, वाळला की पांढरा होतो. गावातल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. साडेदहाला सादिक तिसरा हात देत होता, भिंत ओली होती. म्हणजे तिला मळकट म्हणणारे भैयाजी खरं बोलले. दुधासारखी आणि निळी झाक असलेली भिंत साडेदहाला कोणी पाहूच शकत नाही. नीळ फक्त तिसऱ्या हातात होती, आणि तो हात वाळला दुपारी अडीच-तीनला. तेव्हा खोलीला कुलूप होतं. मग पांढरी भिंत पाहणारा माणूस कुलूप उघडून आत गेला होता.

मी त्या माणसाची जबानी लिहिलीसुद्धा नव्हती.

"मुखरू?" साहेब म्हणाले. "पण तो लाकडाची चोरी करणारा नाही."

"थो लाकडाची चोरी करणाराच नाई," बाई म्हणाल्या, आणि ती काळी ढलपी त्यांनी साहेबांच्या हाती दिली. "हे पाचर होय, साहेब. हातोड्याचा दांडा घट्ट बसावा म्हणून ठोकतेत थे. ज्याले लोखंड पायजे, थो हातोडा उचलन आन पळन. पाचर कायले काढन? पाचर थोच काढते, ज्याले दांडा पायजे."

साहेबांना काही कळेना. तेव्हा मी सांगितलं, कारण हे मला ठाऊक असूनही मी दोन दिवस त्याचा विचार केला नव्हता. आमच्याकडे हातोड्याचं लोखंड सरकारचं असतं, दांडा मात्र प्रत्येक गार्ड स्वतःच्या हातानं करतो. तिवसाचं लाकूड आणून तासतो, आपल्या मुठीच्या मापाचा करतो, मोहाचं तेल पाजतो. सात नंबरचा दांडा रामाजीनं केलेला होता.

फाटकाशी मुखरू उभा होता. हातात कापडी थैली. तो आत आला, थैली साहेबांच्या पायाशी ठेवली आणि खाली बसला. थैलीत हातोड्याचं लोखंड होतं, एक नवा, कोरा दांडा होता, आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, तेलानं काळा पडलेला एक जुना दांडा.

६

मुखरूनं मान वर न करता सांगितलं. गेल्या आठवड्यात त्यानं साहेबांना विचारलं होतं, हातोडे चांद्याला जातील ते दांड्यासकट काय? साहेब म्हणाले होते, आहे तसे जातील, आणि तिथे भट्टीत टाकतील. म्हणून त्यानं नवा दांडा तासला. शुक्रवारी बाजाराच्या वेळी कचेरी रिकामी असणार हे त्याला माहीत होतं. नाक्याकडे जायचं सोडून तो गावाबाहेर थांबला, तीनच्या सुमारास मागच्या दारानं आला, खिळ्यावरची किल्ली घेतली. पाचर काढली, जुना दांडा सोडवला, पण नवा दांडा जाड झाला होता, भोकात बसेना. बाहेर सादिकचा आवाज आला तसं त्यानं सगळं थैलीत टाकलं, पाचर तेवढी घाईत कुठे पडली ते कळलं नाही, पेटीची सुतळी बांधली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली जागेवर ठेवली आणि तो निघून गेला. शनिवारी दांडा नीट तासून गुपचूप परत ठेवायचा विचार होता. पण परतेपर्यंत बोभाटा झाला होता.

"आन ज्याच्या हाती हातोडा सापडन त्याची नोकरी जाईन," तो म्हणाला. "मले भेव वाटलं."

बाई पुढे आल्या.

"दांडा नेला याचं मले काई वाटलं नाई, मुखरू. पर सादिक दोन दिवस चोर म्हणून बसून राह्यला, आन तू पानी पिऊन चूप राह्यला. थे मले लागलं."

मुखरू उठला आणि सादिकपुढे जाऊन उभा राहिला. हात जोडायला लागला, तर सादिकनं ते मधेच धरले. त्याच्या हातांचा चुना मुखरूच्या हातांना लागला.

"तुले दांडा पायजे होता, तर मले काऊन नाई सांगितलं?" बाईंनी विचारलं. "मी साहेबाले इनंती केली असती."

"माह्यासाठी नोता पायजे, वहिनी," मुखरू म्हणाला. "तुमच्यासाठी नेला. दादाची दुसरी कोनती चीज तुमच्यापाशी हाय?"

दोन दिवस सगळ्यांच्या मनातलं ओळखणाऱ्या बाईंना हे एवढंच ओळखता आलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत माठाकडे निघून गेल्या.

साहेबांनी मला नोंदवही आणायला सांगितली. मीच लिहिलेली नोंद मी त्यांना वाचून दाखवली. "शिक्क्याचे हातोडे, लोखंडी, नग चार." दांड्याचा त्यात उल्लेख नव्हता. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, म्हणजे सरकारनं दांडा कधी मागितलाच नव्हता, मीच विचार न करता बोललो. हातोडा हरवल्याबद्दल अजून कागदावर एक अक्षरही चढलं नव्हतं, आणि ते चढवायची त्यांना आता गरज वाटली नाही. मुखरूला मात्र शिक्षा झाली. आठ दिवस, ड्यूटी झाल्यावर, सादिकच्या हाताखाली चुना कालवायचा आणि पाणी वाहायचं. मला शिक्षा झाली ती वेगळी. पेटीला रोज संध्याकाळी कुलूप लावून साहेबांना दाखवायचं. वारलूला सांगितलं, की यापुढे कोंबडबाजार सुट्टीच्या दिवशी.

जबान्यांचे कागद आवरताना माझ्या लक्षात आलं, की कचेरीतल्या आम्ही तिघांनीही खोटं सांगितलं होतं. खरं बोलले ते दोघंच, ज्यांच्यावर आमचा संशय होता.

सोमवारी मोठे साहेब आले. चारही हातोडे मोजून घेतले, भिंती पाहिल्या, रंगारी कोण म्हणून विचारलं. बुटले साहेबांनी सादिकला पुढे केलं आणि स्वतःहून सांगितलं की माणूस कामाचा आणि विश्वासाचा आहे. तहसील कचेरीचं काम त्याला तिथेच मिळालं. जाण्याआधी त्यानं एकच गोष्ट मागितली. रुखमाबाईंच्या घराला चुना लावायला दोन दिवस.

बाईंचं घर म्हणजे एक खोली आणि पडवी. मीही गेलो होतो, आणि जन्मात पहिल्यांदा कुंचा हाती धरला. माझा कोपरा सादिकनं नंतर हळूच पुन्हा रंगवला. शेवटचा हात झाला, भिंत राखेसारखी झाली, आणि आम्ही सगळे पडवीत बसून ती वाळायची वाट बघत राहिलो. आता ते बघत बसण्यात मला मोठी मजा वाटायला लागली होती.

भिंत पांढरी झाल्यावर मुखरूनं तिच्यात दोन खुंट्या ठोकल्या आणि दांडा बाईंच्या हाती दिला. त्यांनी तो डाव्या हातात धरला. दांड्याच्या पोटाशी अंगठ्याची एक खोलगट खूण पडली होती, तिच्यात त्यांचा अंगठा नीट बसला.

"डावखुरा होता थो," त्या म्हणाल्या. "सगळं डाव्या हातानं."

मग काय आठवलं कोण जाणे, त्यांनी दांडा मुखरूपुढे धरला. "धर बरं. जसा जंगलात धरते, तसा."

मुखरूनं उजव्या हातानं धरला. खोलगट खूण भलत्याच बाजूला आली, आणि मूठ वळली ती वाकडी. त्याच्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाएवढा जुना घट्टा होता. त्याच्या ठशांची इतकी वर्षं टिंगल करणारा मी खाली मान घालून बसलो.

"अकरा वर्षं तू या उलट्या दांड्यानं घाव घातले," बाई म्हणाल्या. "नवा काऊन नाई केला?"

"दादानं केलेला होता," मुखरू म्हणाला. "काढाचं मन झालं नाई."

बाईंनी दांडा त्याच्या हातून घेतला आणि खुंट्यांवर ठेवला. मग माठाकडे गेल्या, पेला भरला आणि मुखरूला दिला. तो प्याला, पेला खाली ठेवला, आणि सवयीनं त्यांच्याकडे बघत थांबला. बाईंनी या वेळी काहीच विचारलं नाही.